साठीनंतरचं कामजीवन आणि डॉक्टरांसमोरचं मौन

अमेरिकेतल्या एका पाहणीत 57 ते 85 वयाच्या 3005 जणांना लैंगिक आयुष्याबद्दल थेट विचारलं गेलं. 2007 साली निष्कर्ष आले: 65 ते 74 वयोगटातले 53 टक्के लोक सक्रिय. मला मात्र दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. पन्नाशीनंतर डॉक्टरांशी या विषयावर बोललेले पुरुष 38 टक्के, स्त्रिया जेमतेम 22.

हा संकोच महागात पडतो. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने मित्राकडून सिल्डेनाफिल (ताठरतेची गोळी, व्हायग्रातलं औषध) घेतली, तर रक्तदाब धाडकन कोसळून जिवावर बेतू शकतं. बायकांचा कोरडेपणा 'आता वय झालं' म्हणून सोडून दिला जातो; खरं तर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटल्याने योनीचं अस्तर पातळ झालेलं असतं. योनीसाठीचं मॉइश्चरायझर दर दोन-तीन दिवसांनी नेमाने लावायचं, ल्युब्रिकंट (वंगण) ऐन संभोगाच्या वेळी. वंगण म्हणून खोबरेल तेल लावलं, तर लॅटेक्सचा (रबरी) कंडोम फाटू शकतो. (हो, पाळी गेल्यावरही कंडोम लागू शकतो, गुप्तरोग वय विचारत नाहीत.)

'जमेल ना?' ही धास्तीच अनेकदा ताठरता घालवते. त्यावर मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन कामजीवन-संशोधकांनी सुचवलेला उपाय उलटा वाटतो: सुरुवातीला संभोग बंद, गुप्तांगांना स्पर्शही नाही. आळीपाळीने फक्त पाठ, हात, चेहरा. घाईने नियम मोडला, की पुन्हा परीक्षा सुरू.