दौरा पुढे ढकलला, तेव्हा नक्की काय सरकलं?

२०२५ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. भारताच्या बांगलादेश दौऱ्यातला पहिला टी-ट्वेंटी सामना त्याच्या आदल्या दिवशी, २६ ला चट्टग्राममध्ये ठरला होता. पुढचे दोन २९ आणि ३१ ला मीरपूरला. त्याआधी १७, २० आणि २३ ला तीन एकदिवसीय. राजापूर-देवगडकडे त्या दिवसांत चाकरमानी गावी आलेला असतो, घर भरलेलं असतं. आरत्यांच्या मधल्या वेळेत स्कोअर विचारत राहायची पुरी सोय झाली होती.

जुलैच्या सुरुवातीला दोन्ही देशांच्या क्रिकेट मंडळांनी परस्पर संमतीने दौरा सप्टेंबर २०२६ वर टाकला. निवेदनात कारण दिलं होतं ते दोन्ही संघांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांचं आणि वेळापत्रकाच्या सोयीचं. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तापालट झाल्यापासून दोन देशांचे संबंध ताणलेले होते, पण त्याचा निवेदनात उल्लेख नव्हता.

अशा बातमीत आपण लगेच नवी तारीख शोधतो. मला वाटतं आधी मोकळी जागा शोधावी. आयसीसीचा भविष्यातील दौऱ्यांचा कार्यक्रम म्हणजे दोन मंडळांनी आपसात ठरवलेल्या मालिकांची मांडणी. त्यात आयपीएल, विश्वचषक, आशिया चषक यांचे आठवडे आधीच अडलेले. उरलेल्या फटींत पंधरा दिवस दोन्ही संघांना एकाच वेळी मोकळे मिळावे लागतात, यजमान देशात पाऊस नसावा लागतो आणि प्रक्षेपण करणाऱ्याला ते दिवस परवडावे लागतात. द्विपक्षीय मालिकेचं टीव्हीचं आणि तिकिटांचं उत्पन्न यजमान मंडळाचं. त्यामुळे दौरा सरकला की झळ आधी यजमानाला लागते, आणि पाहुणा भारत असेल तर ती मोठी असते.

कोकणातल्या टेनिस बॉल स्पर्धांचं गणितही असंच. भातकापणी झाल्यावर मळा मोकळा होतो, मग खळं करतात तशी माती भिजवून, चोपून पिच तयार होतं. पहिला पाऊस पडला की मळा परत भाताचा. मधल्या काळात निम्मा संघ मुंबईत असतो. तो शिमग्याला आणि मे महिन्यात येतो. मे अखेरीस अवकाळी पाऊस होऊन अंतिम सामना राहिला तर ‘पुढच्या रविवारी खेळू’ म्हणून भागत नाही, कारण पुढच्या रविवारी मळाही नसतो आणि ओपनिंग बॉलरही नसतो. सामना दिवाळीनंतरच होणार. तोवर संघ बदललेला.

संघ बदलतो म्हणजे किती, हे बघायचं तर २०२१ ची इंग्लंड-भारत मालिका घ्या. भारत २-१ ने पुढे होता. पाचवी कसोटी १० सप्टेंबरला ओल्ड ट्रॅफर्डला सुरू व्हायची होती. भारतीय ताफ्यात कोरोना निघाला आणि सुरू व्हायच्या काही तास आधी ती रद्द झाली. इंग्लंडच्या मंडळाने पहिल्या निवेदनात भारताने सामना सोडून दिल्यासारखे शब्द वापरले होते, ते मागाहून बदलले. शब्दाने फरक पडतोच. सोडला म्हणजे मालिका २-२, रद्द म्हणजे २-१, पुढे ढकलला म्हणजे निकाल लोंबकळत.

ती कसोटी १ जुलै २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये सुरू झाली. कोहलीचं कर्णधारपद गेलेलं, नवा कर्णधार रोहित कोरोनाने बाहेर, म्हणून नाणेफेकीला बुमराह. प्रशिक्षक शास्त्रींच्या जागी द्रविड. समोर रूटऐवजी स्टोक्स कर्णधार, मॅकलम प्रशिक्षक, आणि नुकतंच न्यूझीलंडविरुद्ध लागोपाठ तीन कसोटींत २७७, २९९ आणि २९६ चा पाठलाग करून आलेला संघ. त्यांनी ३७८ धावा तीन गडी गमावून काढल्या. रूट नाबाद १४२, बेअरस्टो नाबाद ११४. मालिका २-२. कागदावर ही एकच मालिका. माझ्या मते ती दोन वेगवेगळ्या संघजोड्यांनी खेळलेली आहे, आणि भारताची २०२१ ची आघाडी याच नजरेने बघायला हवी.

गुणांचा हिशेब असेल तर ढकलणं अजून महागात पडतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने कोरोनामुळे दक्षिण आफ्रिकेचा कसोटी दौरा पुढे ढकलला. कसोटी अजिंक्यपदाचं चक्र थांबत नाही, त्यामुळे खेळलेल्या सामन्यांचीच टक्केवारी धरली गेली. अंतिम सामना पहिल्या दोन संघांचा, आणि दुसऱ्या जागेसाठी चुरस होती: न्यूझीलंड ६०० पैकी ४२०, म्हणजे ७० टक्के. ऑस्ट्रेलिया ४८० पैकी ३३२, म्हणजे ६९.२. मेलबर्नला षटकांची गती कमी राखल्याबद्दल त्यांचे ४ गुण कापले होते. ते असते तर तेही बरोबर ७० वर असते. दौरा झाला असता तर ही तूट भरून काढायला सामने होते. अंतिम सामना न्यूझीलंड खेळलं आणि जिंकलं.

बांगलादेश दौऱ्यात कसोटी नव्हती, तरी परिणाम झालाच. रोहित आणि कोहली तेव्हा फक्त एकदिवसीय खेळत होते. ९ मार्चच्या चॅम्पियन्स ट्रॉफी अंतिम सामन्यानंतर भारतासाठी ते उतरले थेट १९ ऑक्टोबरला, पर्थला. सव्वासात महिन्यांचा खाडा. रोहित ८ वर गेला, कोहली आठ चेंडू खेळून शून्यावर. कर्णधारपदही तोवर शुभमन गिलकडे गेलेलं.

बांगलादेशचं दुखणं वेगळं. २०२७ च्या एकदिवसीय विश्वचषकात दक्षिण आफ्रिका आणि झिंबाब्वे यजमान म्हणून थेट; बाकीच्यांतून ३१ मार्च २०२७ च्या क्रमवारीतले पहिले आठ. दौरा सरकला तेव्हा बांगलादेश दहाव्या स्थानावर होता. वर असलेल्या संघाला हरवलं की गुण जास्त मिळतात, म्हणून भारताविरुद्धचे घरचे तीन सामने त्यांना मोलाचे. सप्टेंबर २०२६ ही मुदतीच्या अलीकडची तारीख आहे. आणखी सात महिन्यांनी सरकली, तर ते सामने पात्रतेच्या कामाचे राहत नाहीत.

२०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे.