कारवान की लॅब? आमच्या घरातला चार महिन्यांचा वाद

आधीच सांगते, कुत्रं पाळायची हौस मला नव्हती. आमचं घर सांगलीच्या बाहेर, शेताला लागून, पुढे डांबरी रस्ता. मागच्या दिवाळीत जवळच्या वस्तीवरनं विहिरीच्या दोन मोटारी चोरीला गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी (माझे सासरे) घोशा लावला, राखणीला कुत्रं पाहिजे, आणि पाहिजे म्हणजे कारवानच पाहिजे. तिकडे माझा नऊ वर्षांचा मुलगा, त्याला लॅब्रॅडोर. नवरा नेहमीप्रमाणे "तुम्ही ठरवा, मला काही पण चालेल". चालेलच की, शेण-मूत काढायला तो थोडाच येणार होता!

अण्णांचं बालपण जतकडे मामांच्या घरी गेलं. तिथे कारवान असायचीच. ज्यांनी बघितली नाहीत त्यांच्यासाठी सांगते, उंच, सडपातळ, लांब तोंडाचं, पोट पाठीला लागलेलं आणि बरगड्या मोजून घ्याव्यात असं कुत्रं. कर्नाटकातल्या मुधोळला मुधोळ हाउंड म्हणतात, आपल्याकडे कारवान, आणि कान-शेपटीला झुपकेदार केस असले की पश्मी. पूर्वी ससे धरायला पाळायचे. आता 1972 च्या कायद्याने शिकार बंद आहे, पण ते कुत्र्याला कोण सांगणार? अण्णांचे मुद्दे तयारच होते, पोस्टाने 2005 साली याच्यावर तिकीट काढलंय, मिलिटरीने मेरठला नेऊन ट्रेनिंग दिलंय, मुधोळच्या राजाने थेट इंग्लंडच्या राजाला पिल्लं भेट दिली होती, आणि तुम्ही ते गुबगुबीत विलायती आणून त्याला एसीत झोपवणार.

खरं सांगू का, अण्णांचं बरंचसं पटत होतं मला. कारवान आपल्या हवेतलं आहे. अंगावर चरबी नाही, केस आखूड, भाकरी-दूध-अंडं घातलं की भागतं, आंघोळीचं फार नाटक नाही. उलट लॅब्रॅडोर म्हणजे मूळचं कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मासेमारांचं कुत्रं, बर्फासारख्या पाण्यात जाळी ओढायला बनलेलं, अंगावर केसांचे दोन थर, आणि आमच्याकडे एप्रिलमध्ये फरशीसुद्धा चटका देते. वर ते केस गळतात किती! माझ्या बहिणीकडे लॅब आहे, तिच्या घरी पोळीत केस निघाला तर आता कोणी काही बोलत नाही, बाजूला काढतात आणि खातात.

मग जनवारीत आम्ही जतला जाऊन आलो, आणि तिथे माझं मत बदललं. अण्णांच्या मामेभावाच्या मुलाकडे (माझे भाऊजी) दोन कारवान आहेत. आम्ही चहा घेत होतो, लांब शेतात कायतरी हललं, मांजर असेल नाहीतर मुंगूस, आणि त्यातली कुत्री जी बाणासारखी सुटली ती दिसेनाशीच झाली. भाऊजी हाका मारतायत, शिट्ट्या वाजवतायत, ती ऐकेल तर शपथ. अर्ध्या तासाने आली, जीभ बाहेर, एकदम खूष. भाऊजी हसत म्हणाले, "वैनी, हिला एकदा दिसलं की कान बंद होत्यात." नजरेने शिकार करणारी जात आहे, वास काढत बसत नाही, हललेलं दिसलं की पळणं हेच तिचं काम. तिथे ते ठीक आहे, चारी बाजूंनी माळ आहे.

आमच्याकडे? पुढे डांबरी रस्ता, उसाचे ट्रॅक्टर. आईंच्या (सासूबाई) अकरा कोंबड्या मोकळ्या. शेजाऱ्यांच्या शेळ्या. आणि कंपाऊंडची भिंत चार फूट. परत आल्यावर आमच्या म्हशीला येणारे डॉक्टर आले होते त्यांना विचारलं तर त्यांनी पण आधी भिंतच बघितली. म्हणाले, सत्तावीस इंच उंचीचं कुत्रं आहे ते, या भिंतीला भिंत समजणारच नाही. आणि त्याला साखळीला बांधून ठेवणार असाल तर आणूच नका, रोज मोकळं पळवायला माणूस पाहिजे. माणूस कोण? अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मी नऊला शाळेवर जाते, नवऱ्याचं तर बोलायलाच नको.

लॅबचं पण डॉक्टरांनी कौतुक नाही केलं हां. पहिलं वाक्य, "खायला मागेल, देऊ नका." केंब्रिजवाल्यांनी 2016 मध्ये शोधलं म्हणे की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये जनुकातच असा बदल असतो की भूक भागल्याचं त्याला नीट कळतच नाही. त्यात वजन वाढलं की आधीच नाजूक असलेले मागचे सांधे जातात. गुळगुळीत फरशीवर घसरू देऊ नका, दुपारी बाहेर काढू नका, फिरवायचं ते पहाटे नाहीतर दिवस मावळल्यावर. आणि चोराचं म्हणाल तर भुंकेल, पण चोराने बिस्किट दाखवलं तर पुढची गॅरंटी नाही. पण माणसांत रमतं, पोरांचं सहन करतं, लहानपणापासून कोंबड्यांत वाढवलं तर बहुतेक जमून जातं, आणि मुख्य म्हणजे हाक मारली की येतं.

माझ्यासाठी तिथेच विषय संपला. हाक मारली की येतं.

पिल्लू शोधायचा वेगळाच ताप. एक जण महिन्याचं पिल्लू द्यायला बसला होता, वर म्हणे "लहान नेलं की लळा लागतो". आठ आठवडे तरी आईजवळ राहायला पाहिजे पिल्लू, भावंडांशी खेळताना चावायचं किती हे तिथेच शिकतं. लसींचं विचारलं तर कागद नाही, आई दाखवा म्हटलं तर "ती गावाला आहे". कुत्री गावाला! आम्ही तसेच परत फिरलो. शेवटी ओळखीतनं एक मिळालं, नऊ आठवड्यांचं, आईसकट बघितलं, पार्व्होच्या (पिल्लांचा जुलाब-उलट्यांचा जीवघेणा रोग) लसीचा पहिला डोस झालेला. काळी मादी. नाव मुलाने ठेवलं, राणी.

अण्णा आठ दिवस तिच्याकडे बघितले पण नाहीत. "हे कुत्रं नव्हं, रेडकू हाय" एवढंच म्हणाले. नवव्या दिवशी मी शाळेतनं आले तर अण्णा खाटेवर झोपलेले, राणी खाली, आणि त्यांची चप्पल तिच्या तोंडात. चपलेचं नाव नाही काढलं कोणी. आता तिचं खाणं तेच मोजून घालतात, मुलाने चोरून पोळी टाकली की त्यालाच ओरडतात.

राणी आता सात महिन्यांची आहे. कोंबड्या अकराच्या अकरा आहेत. आणि परवा अंगणात गवंडी आला होता, अण्णा त्याला कंपाऊंड दाखवत होते, भिंत सहा फूट करायला किती खर्च येईल म्हणून. मी कशाला असं विचारलं तर म्हणाले, "असू दे की, चोराचिलटांचं भ्या हाय."

राणी चार फुटांची भिंत तर सोडाच, पायरी पण बसून बसून चढते.