वालाला कळी धरली!

फ्रान्सच्या नैऋत्येला दोर्दोन्यमध्ये, ४५ अक्षांशावर, भर ऑगस्टात! काल संध्याकाळी कुंड्या आत न्यायला गेले तर शेंड्याजवळच्या पेरातून बोटभर तुरा वर आलेला, त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या जांभळट कळ्या. मुद्दाम बाहेर ठेवलेली कुंडी नुसती पानांनी भरली आहे, तिला एकही तुरा नाही. म्हणजे अंधाराचाच गुण.

गेल्या वर्षीचं आठवत असेल: वेल ग्राँजच्या (शेतावरच्या कोठाराच्या) कौलांपर्यंत चढला, ऑक्टोबरात कुठे कळ्या दिसल्या आणि पहिल्याच गोठत्या रात्री सगळं काळं पडलं. खत, पाणी, इथली चुनखडीची माती, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. पण अडचण दिवसाच्या लांबीची. कोकणात भात कापल्यावर वाल पेरतात. तो फुलतो तेव्हा दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. इथे जूनमध्ये साडेपंधरा तास उजेड. लांब रात्र मिळेपर्यंत हा गडी वेलच वाढवत राहतो.

म्हणून यंदा सगळे वाल मोठ्या कुंड्यांत. संध्याकाळी ७ ला ग्राँजमध्ये, सकाळी ८ ला बाहेर. (दगडगोट्यांच्या अंगणात छोट्या चाकांची ट्रॉली कुचकामी. हवेच्या टायरचा द्याब्लच (दोन चाकांचा हातगाडा) घ्या, पैसे वसूल होतात.) तरी जुलैभर कळीचा पत्ता नाही. एका दुपारी आत दार लावून डोळे सरावेपर्यंत बसून राहिले, तेव्हा दाराखालची फट आणि सरकलेल्या कौलातला कवडसा दिसला. मुरघासाच्या काळ्या प्लास्टिकने दोन्ही बुजवले. तरी ढिम्म.

शेवटी सापडला तो बाहेरच्या भिंतीवरचा सेन्सरचा दिवा. रात्री मांजर गेलं की लागायचा आणि वरच्या झरोक्यातून झोत थेट कुंड्यांवर. पानातलं फायटोक्रोम (उजेड ओळखणारं रंगद्रव्य) एवढ्याने फसतं: मध्यरात्री थोडा वेळ जरी उजेड पडला तरी एका लांब रात्रीच्या दोन छोट्या रात्री होतात. दिवा काढून टाकला, आणि आता या कळ्या! शेंगा धरेपर्यंत ने-आण चालूच ठेवणार, कारण १२ तासांचा दिवस इथे सप्टेंबरअखेरीशिवाय येत नाही.

बाकी थोडक्यात. पावसानंतर टोमॅटोवर मिल्दियू, म्हणजे करपा, आलाच. बुई बोर्दलेज (मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण) मारलं, खालची पानं काढली, मार्मांद जातीचे टोमॅटो तगले आहेत. मिराबेलचा (छोट्या पिवळ्या आलुबुखारांचा) मुरंबा झाला. स्वस्तातल्या टेरोच्या (कुंड्यांच्या तयार मातीच्या) पिशव्यांत निम्म्या लाकडाच्या ढलप्याच निघतात; पुन्हा घेणार नाही.

हे लिहिता लिहिताच सुचलं: संध्याकाळी ७ ला का झाकायचं? इथे जुलैत सूर्य डोक्यावर येतो तोच दुपारी २ ला आणि मावळतो पावणेदहाला, म्हणून तर जमिनीतल्या वेलांवर प्लास्टिकचा तंबू टाकला की आत भट्टी होते. त्याऐवजी रात्री १० ला झाकून सकाळी साडेदहाला उघडलं तर? अंधार अर्धा तासच कमी, पण झाकलेला वेळ सकाळच्या गारव्यातला. मग कुंड्याही नकोत, ग्राँजही नको. पुढच्या वर्षी बुटका छाटलेला एक वाफा असाच करून बघणार.

दुसरी वाट बियाण्याची. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का जय आणि अर्का विजय या झुडपी जाती दिवसाच्या लांबीला जुमानत नाहीत. पण डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघाबाहेरचं बियाणं फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याच्या) प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाही, पिशवीत चार दाणेसुद्धा नाहीत. माझे वाल पॅरिसमधल्या ला शापेलच्या किराणा दुकानातले, खायचे. जात कुठली कोण जाणे. म्हणून सगळ्यांत आधी कळी धरलेल्या वेलाला लाल दोरा बांधला आहे. त्याच्या शेंगा खाणार नाही, सगळं बी धरणार. युरोपातच वाढवलेलं अर्का जयचं बी कोणाकडे असेल तर सांगा, माझ्याकडची मेथी आणि लाल माठ बदल्यात पाठवते.