उशिरा आणले

एक वाजून गेला, झोप नाही. रजिस्टर कपाटात ठेवलं तरी तो रकाना डोळ्यांसमोरून हलत नाही.

बाई वाचली. वरच्या दवाखान्यातून तसा निरोप आला. बाळही ठीक. मग मला हे काय होतंय?

संध्याकाळी तिचा नवरा कागद न्यायला आला. मी रजिस्टर मिटायच्या आत त्याने वाचलं, 'उशिरा आणले.' थोडा वेळ बघत राहिला. मग विचारलं, "सिस्टर, उशीर कधीपासून धरला तुम्ही?" आवाजात राग नव्हता. असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

खरंच, कधीपासून धरला? बाळंतपणानंतर रक्त अर्ध्या लिटरच्या वर गेलं की धोका, असं मी प्रत्येकीला सांगते. पण अंधारात, अंथरुणात मुरलेलं रक्त मोजायचं कुणी आणि कशात? चौघांनी तिला खाटेवर उचलून आणलं, दोन तास चालत. आणि मी दोन शब्दांत मोकळी झाले.

थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४ मध्ये मांडलेले तीन उशीर आमच्याकडून ट्रेनिंगमध्ये घोकून घेतले होते. निर्णय घेण्यातला, पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. 'उशिरा आणले' मध्ये पहिले दोनच बसतात. तिसरा आमचा.

आणि काल तो झाला. ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आवळून रक्त थांबवणारं इंजेक्शन, २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. दोन दिवस वीज नव्हती, फ्रिज कोमट. तरी तेच टोचलं आणि वाट बघत बसले. गर्भाशय आवळेना, हाताखाली मऊच लागत होतं. त्याच कामाच्या मिसोप्रोस्टोलला फ्रिज लागत नाही, गोळ्या कपाटात होत्या. कपाटाची चावी दुसऱ्या एप्रनच्या खिशात. चार गोळ्या तिच्या जिभेखाली ठेवेपर्यंत खालची चादर भिजली होती.

एकटीने काय काय करायचं? एक हात पोटावर, एक सलाईनवर. दुसरी नर्स येणार येणार म्हणून दोन वर्षं ऐकतेय. कुणी विचारतं का, मी शेवटची पूर्ण रात्र कधी झोपले? आईच्या वेळी तर नर्सही नव्हती. ते आता नको.

पण त्याने हे काहीच विचारलं नव्हतं. त्याने फक्त वेळ विचारली होती. वेळ मला माहीत आहे.

आत्ता उठून रजिस्टर काढलं. लिहिलेलं खोडायचं नसतं, खोडलं नाही. खाली लिहिलं: घरून निघाले २.००. पोचले ४.१०. इंजेक्शन ४.१५. गोळ्या ४.४०. फ्रिज बंद होता, कपाटाची चावी सापडत नव्हती.

रकान्यात मावलं नाही. शेवटची ओळ समासात गेली. उद्या तो बाळाचा दाखला न्यायला येईल, तेव्हा त्याला दाखवणार आहे.