निवृत्तीचा व्हिसा: अर्जदार एक, माणसे चार

निवृत्तीनंतर काही वर्षे परदेशात राहावे, हा विचार आता सांगली-मिरजेतही कुणाला फारसा नवा वाटत नाही. मुलाची तिकडे नोकरी आहे म्हणून सहा महिने जाऊन येणे वेगळे आणि स्वतःच्या नावावर निवृत्तीचा व्हिसा काढून तिकडे बिऱ्हाड करणे वेगळे. आमच्या घरी या दुसऱ्या प्रकाराची चौकशी बराच काळ चालू आहे आणि त्यातून माझे एक ठाम मत झाले आहे. देश निवडताना आपले वय आणि आपली पेन्शन यांपासून सुरुवात करू नये. घरातली जी माणसे आपल्याबरोबर जाणार, त्यांच्यापासून करावी. निवृत्त माणूस स्वतः बहुतेक देशांच्या अटींत कसाबसा बसतो. अडते ते बाकीच्यांपाशी.

आम्ही घरात चौघे. मी साठीचा, पत्नी माझ्याहून थोडी लहान, मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला म्हणजे वीस पूर्ण झालेली, आणि ऐंशी ओलांडलेली आई. आपल्याकडे या चौघांना कुटुंब म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. व्हिसाच्या अर्जात मात्र प्रत्येक देश कुटुंबाची रेघ आपल्या सोयीने ओढतो.

थायलंड आधी घेतो, कारण खर्चाच्या मानाने तोच आपल्या आवाक्यातला. वयाची पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीने बँकेत ८ लाख बाट ठेवावेत किंवा दरमहा ६५ हजार बाट उत्पन्न दाखवावे, ही तिथली मूळ अट. रुपयांत ही ठेव वीस ते पंचवीस लाखांच्या दरम्यान जाते. मुदतवाढ तिथे राहून घ्यायची असेल, तर ही रक्कम अर्जाच्या आधी दोन महिने तिथल्या खात्यात पडून असावी लागते आणि दर ९० दिवसांनी राहत्या पत्त्याची नोंद द्यावी लागते. पत्नीला पतीच्या मागे अवलंबित म्हणून जाता येते. मुलांसाठी मर्यादा वीस वर्षांच्या आतली, त्यामुळे आमची मुलगी बाहेर पडते. तिला तिथे राहायचेच असेल, तर शिक्षणाचा स्वतंत्र व्हिसा काढावा लागेल. आईचा प्रश्न मात्र तिथे अनपेक्षित वाटेने सुटतो. पन्नाशीची अट तिने केव्हाच ओलांडलेली असल्याने तिला कुणाच्या मागे उभे करण्याची गरजच नाही. तिच्या नावावर ठेव ठेवली की ती स्वतःच मुख्य अर्जदार. भारतातून निघतानाच ‘ओ-ए’ प्रकारचा वर्षाचा व्हिसा घ्यायचा म्हटले, तर ३० लाख बाटचे आरोग्य विमासंरक्षण दाखवावे लागते आणि ऐंशीपुढच्या व्यक्तीला तसा विमा मिळणे अवघड असते. म्हणून आईसाठी विम्याची अट नसलेला साधा ‘ओ’ प्रकार घेऊन तिथे गेल्यावर मुदतवाढ मागणे, हाच मार्ग उरतो.

मलेशियाची ‘माय सेकंड होम’ योजना २००२ पासून चालू आहे आणि कुटुंबाची सर्वांत मोकळी व्याख्या मला तिथेच आढळली. पती-पत्नी, एकवीस वर्षांच्या आतली मुले, त्यापुढे चौतीसपर्यंतची अविवाहित आणि नोकरी न करणारी मुले, शिवाय आई-वडील आणि सासू-सासरे एकाच अर्जात बसतात. आमचे चौघांचे घर जसेच्या तसे मावते. परंतु २०२४ पासून या योजनेच्या पायऱ्या झाल्या असून त्यांतल्या चांदीच्या (सिल्व्हर) पायरीलाही दीड लाख डॉलरची मुदत ठेव आणि किमान ६ लाख रिंगिटचे घर घेणे बंधनकारक आहे. व्हिसा पाच वर्षांचा, आणि घर दहा वर्षे विकता येत नाही. ठेव आणि घर मिळून आकडा अडीच कोटींच्या वर जातो. पेन्शनवरच्या घरात एवढी रक्कम शेती विकल्याशिवाय उभी राहत नाही आणि इथे माझा स्पष्ट विरोध आहे. परदेशात स्थायिक झालेल्या भारतीय नागरिकाला असलेली शेतजमीन ठेवता येते, वारसाने आलेली घेता येते, पण नवी विकत घेता येत नाही. ऊस नाही तर हळद, जे काही निघते ते रान एकदा हातचे गेले, की अनिवासी असेपर्यंत दुसरे घेता येणार नाही, हे विकण्याआधी घरातल्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे.

पोर्तुगालचा डी-७ व्हिसा कागदावर फार देखणा दिसतो. तिथल्या किमान वेतनाइतके नियमित उत्पन्न अर्जदाराचे, त्याच्या निम्मे जोडीदारासाठी आणि तीस टक्के मुलासाठी, असा हिशेब असतो. २०२५ साली किमान वेतन ८७० युरो होते, म्हणजे तिघांचे मिळून दरमहा १,५६६ युरो. आई-वडिलांना मात्र कुटुंब-एकत्रीकरणाच्या नियमातून आणावे लागते आणि ते आपल्यावर आर्थिकदृष्ट्या अवलंबून आहेत, हे दाखवावे लागते. हे ऐकल्यावर आई म्हणाली, “तुझ्या वडिलांची पेन्शन माझ्या पासबुकात येते, मी कशाला तसं लिहून देऊ?” तिचे म्हणणे कायद्यालाही धरूनच आहे, त्यामुळे पोर्तुगालचा विषय आम्ही तिथेच सोडला. दुबईच्या निवृत्ती व्हिसाला वयाची अट पंचावन्नची आहे आणि उत्पन्नाची अट आमच्या पेन्शनच्या कितीतरी वर.

देश कोणताही असो, नाते सिद्ध करणारे कागद लागतातच आणि आपल्या पिढीची खरी कसोटी तिथे लागते. आमचे लग्न गावी मांडवात झाले. पत्रिका छापली, जेवणावळी उठल्या, नोंदणी कुणी केली नाही. त्या काळी ती कुणाला गरजेचीही वाटत नसे. आता पत्रिका, लग्नातला फोटो, भटजी आणि साक्षीदार जमवून १९९८ च्या महाराष्ट्र कायद्याखाली नोंद करून घेतली. पत्नीचा प्रश्न एवढ्यावर मिटला नाही. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव आणि वडिलांचे आडनाव, लग्नानंतर पहिले नावही बदललेले आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा. एकाच बाईची ही दोन पूर्ण नावे परदेशी अधिकाऱ्याला दोन बायका वाटतात, त्यात त्याचा दोष नाही. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि नावबदलाचे राजपत्र जोडल्यावर साखळी पूर्ण होते. आईच्या बाबतीत जन्माची नोंदच नाही. त्या काळच्या कित्येकांप्रमाणे तिची जन्मतारीख शाळेत गुरुजींनी घातलेली १ जून आहे आणि त्या शाळेचा मूळ दाखला गावभागातल्या जुन्या घरात २०१९ च्या महापुरात लगदा झाला. शाळेच्या जनरल रजिस्टरमधून दुय्यम प्रत मिळाली, हे नशीब. वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद करायची, तर सक्षम दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि तेही काम आता चालू आहे.

हे दाखले आधी मंत्रालयातून साक्षांकित होतात, मग परराष्ट्र मंत्रालयाकडे जातात. हेग करारातल्या देशांसाठी तिथे अपोस्टिल, म्हणजे दाखला खरा असल्याचे प्रमाणीकरण, होते. इतरांसाठी त्यापुढे दूतावासाचा शिक्का असतो. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून मागता येतो आणि सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांना त्यासाठी पुण्याचे पासपोर्ट कार्यालय लागू आहे. चारित्र्याचा आणि वैद्यकीय दाखला थोडे महिनेच चालतात, म्हणून ते सर्वांत शेवटी काढावेत.

राहिला पैसा बाहेर पाठवण्याचा विषय. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत दर माणशी दर आर्थिक वर्षी अडीच लाख डॉलर पाठवता येतात, त्यामुळे मर्यादेची अडचण नाही. अडचण आहे ती बँक जागेवर कापून घेते त्या कराची. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांच्या वरच्या अशा रकमेवर २० टक्के टीसीएस कापला जातो. हा कर बुडत नाही, विवरणपत्र भरल्यावर वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. आमचा कल सध्या थायलंडकडे आहे आणि त्यात दोन मुख्य अर्जदार, मी आणि आई. माणशी २४ लाख धरले, तर एकदम पाठवल्यास प्रत्येकी २ लाख ८० हजार अडकतात. तेच १२ लाख ३१ मार्चच्या आत आणि १२ लाख एप्रिलमध्ये पाठवले, तर दोन्ही वर्षांचे मिळून ८० हजार. आई आजवर विवरणपत्र भरत नव्हती, कारण तिचे उत्पन्न करपात्र नाही. हा कर परत हवा असेल, तर तिला दोन्ही वर्षांची विवरणपत्रे भरावी लागतील आणि पैसेही तिच्याच खात्यातून, तिच्याच पॅनवर गेले पाहिजेत. मुलीने पदवी इथेच वसतिगृहात राहून पुरी करायची आणि सुट्टीत पर्यटक म्हणून यायचे, असे तूर्त ठरले आहे. मार्चचा हप्ता आईच्या जन्मनोंदीचा आदेश हाती आल्यावरच पाठवायचा. तोवर तिची मुदत ठेव मोडायची नाही.