पद्मिनीचं स्टेअरिंग वरखाली हलायला लागलं तेव्हा

पावसाळ्याच्या आधी आईला घेऊन पन्हाळ्याला निघालो होतो. वाघबीळच्या वळणाला चौथ्यातून तिसरा टाकायला गेलो तर गिअर सापडेना, दांडीला जोर लावला तसं अख्खं स्टेअरिंगच माझ्याकडं आलं. निखळलं नाही पण अर्धा इंच तरी वर आलं आणि परत खाली बसलं, वर हॉर्न आपोआप वाजला. आई म्हणाली, "थांबव बघू गाडी." थांबवली. तिथनं वीसच्या स्पीडनं घरी आलो, आणि आईला मागनं एसटीनं यायला सांगितलं, कारण माझी छाती तेव्हा खरंच धडधडत होती.

गाडी १९८६ची प्रीमियर पद्मिनी, आप्पांची. आप्पा आता नाहीत, गाडी आहे, आणि ती चालती ठेवायची हे माझ्यासाठी ठरलेलं आहे. ज्यांनी ही गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो, हिचा गिअर खाली नसतो, स्टेअरिंगच्या डाव्या बाजूला दांडी असते आणि तिचा रॉड कॉलमच्या, म्हणजे स्टेअरिंगच्या खांबाच्या, पाइपला धरूनच खाली जातो. म्हणजे कॉलम जागचा हलला की गिअर पण चुकणार. हे मला तोवर कळलं नव्हतं, त्याआधी दोन महिने मी गिअरच्या लिंकेजला, म्हणजे दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडण्यांना, दोष देत होतो आणि खालच्या बुशांना (सांध्यातल्या गोल कड्यांना) ग्रीस मारत होतो.

दुसऱ्या दिवशी जवळच्या एका गॅरेजात नेली. त्यानं बॉनेट उघडलं, स्टेअरिंग बॉक्सवरचा (स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडं नेणारी गिअरची पेटी) अ‍ॅडजस्टिंग स्क्रू दीड आटा आवळला आणि म्हणाला झालं. सरळ रस्त्यावर छान वाटलं, पण पहिल्याच वळणावर स्टेअरिंग जड झालं आणि वळून झाल्यावर परत सरळ येईना, हातानं ओढून आणावं लागलं. ही गोष्ट जीवघेणी आहे म्हणून नीट सांगतो. गाडी आयुष्यभर जास्त करून सरळच चालते, त्यामुळं बॉक्समधला वर्म (आटे असलेला गिअर) मधोमध जास्त झिजतो आणि कडेला कमी. मधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, पूर्ण घालवायला स्क्रू आवळला की कडेला तो अडकतो. स्क्रू फिरवायचा तर चाकं सरळ ठेवून, पुढची बाजू जॅकवर घेऊन, थोडा थोडा, आणि दरवेळी दोन्हीकडं टोकापर्यंत फिरवून बघायचं कुठं अडतंय का. आणि मुळात माझा त्रास बॉक्सचा नव्हताच!

मग कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या जुन्या मेकॅनिककडं, मामांकडं, गेलो. ते आता काम करत नाहीत, पण फियाट म्हटलं की येतात. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटची ११०० डिलाइट बनायला लागली, १९७४ ला नाव पद्मिनी झालं, आणि मामांनी दोन्हीवर हात काळे केलेत. मी पाने काढायला लागलो तर म्हणाले, "पाना ठेव खाली. तू आत बस आणि मी सांगतो तसं हलव."

आधी गोल, हळूच, डावीकडं उजवीकडं. चाक हलायच्या आधी स्टेअरिंगच्या रिंगवर किती रिकामं फिरतंय ते बघितलं, इंचभर असेल, जुन्या बॉक्सला तेवढं चालतं म्हणाले. मग रिंग दोन्ही हातांनी धरून वर-खाली, मग पुढं-मागं. मामा डॅशच्या खाली टॉर्च घेऊन आडवे झालेले. "पाइप पण हलतोय रे, नुसता शाफ्ट नाही." या एका वाक्यात अर्धं काम झालं. नुसता शाफ्ट, म्हणजे पाइपच्या आतली फिरणारी दांडी, हलला असता तर वरचा बुश, पाइपसकट हलला तर डॅशखालचा क्लॅम्प, आणि नुसती रिंगच डुलली असती तर वरचा नट किंवा स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा). गोल फिरण्यातला प्ले ही वेगळीच गोष्ट, तो बॉक्स नाहीतर टाय रॉड एंड, आयडलर, किंगपिन अशा चाकांकडच्या सांध्यांत शोधायचा. गॅरेजवाल्यानं हे सगळं एकच समजून हाताला लागला तो स्क्रू आवळला होता.

क्लॅम्प उघडला तर एक बोल्ट ढिला आणि दुसऱ्याचे आटे गेलेले, मधलं रबर वाळून खापरासारखं झालेलं. तिथं नवीन बोल्ट, स्प्रिंग वॉशर आणि ट्यूबच्या रबराची पट्टी कापून घातली. पण क्लॅम्प घट्ट झाल्यावर आतला शाफ्ट वेगळा खडखडतोय हे ऐकू आलं, म्हणजे बुश पण गेलेला, आधी त्याचा आवाज पाइपच्या आवाजात दबलेला.

रिंग काढायच्या आधी बॅटरीची वायर काढली, कारण हॉर्नची वायर तिथंच असते, आणि शाफ्टवर आणि रिंगवर पंचानं एकेक खूण केली, नाहीतर परत बसवताना रिंग वाकडी बसते आणि मग माणूस चाकांचं अलाइनमेंट करत फिरतो. रिंग पुलरनंच काढायची. खालून हातोडीनं ठोकली की तो मार थेट बॉक्सच्या बेअरिंगला जातो. बुशचा अक्षरशः भुगा हातात आला.

मुंबईत पद्मिनी टॅक्स्या होत्या तोवर असले पार्ट मागवले की मिळायचे. ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची टॅक्सी रस्त्यावरनं गेली, आणि आता मला दुकानदार "बघतो" म्हणतात आणि फोन येत नाही. पण कोल्हापुरात राहण्याचा हा एक मोठा फायदा, उद्यमनगरात गल्लीगल्लीत लेथ आहे. लेथवाल्यानं गनमेटल (तांब्याचा मिश्रधातू) सुचवलं, मामांनी नायलॉन सांगितलं, कारण तिथं ग्रीस पोचत नाही आणि गनमेटल कोरडं पडलं की कुरकुरतं. शाफ्टचं माप घेतलं, तो एका बाजूनं किंचित झिजलेला म्हणून जिथं जास्त जाड तिथलं माप धरलं. बुश हातानं सरकायला हवा पण डुलायला नको, एवढंच त्याला सांगितलं आणि त्यानं तसाच करून दिला.

जाता जाता बॉक्सचा स्क्रू परत मूळ जागी आणला. आत तेलाच्या जागी ग्रीस भरलेलं निघालं, सील गळतं म्हणून कुणीतरी कधीतरी भरलेलं असणार. ग्रीस एकदा वर्मवरनं बाजूला सरलं की परत तिथं येत नाही, वर्म कोरडाच फिरत राहतो. ते साफ करून नवीन सील आणि नव्वद नंबरचं गिअर ऑइल घातलं.

गेल्या रविवारी परत वाघबीळ. चौथ्यातून तिसरा दोन बोटांनी पडला. आई शेजारी बसली होती, वळण संपल्यावर नुसतं म्हणाली, "आप्पांसारखी चाललीय आता." आयडलरचा बुश अजून बाकी आहे, तो या आठवड्यात.