डॅली

रविवार, रात्र

आज दिवसभर ‘डॅली’ या शब्दाने डोक्यात ठाण मांडलंय. हा अमेरिकन काउबॉयच्या तोंडचा शब्द. टंगळमंगळ करणे या अर्थाचं इंग्रजी क्रियापदही असंच लिहितात, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. हा आला स्पॅनिशमधून. ‘दाले व्हुएल्ता’, म्हणजे ‘दे वेढा!’

घोड्यावरून फास टाकून जनावर पकडलं की दोराचं हातातलं टोक खोगिराच्या पुढच्या खुंटाला गुंडाळायचं, तो हा वेढा. टेक्सासचे काउबॉय दोर खुंटाला आधीच पक्का बांधून ठेवत. कॅलिफोर्नियातल्या व्हाकेरोंना, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या गुराख्यांना, ते परवडणारं नव्हतं. त्यांचा दोर कच्च्या चामड्याच्या वाद्या विणून केलेला, ६० फूट किंवा त्याहूनही लांब. एकदम हिसका बसला तर तुटायचा. म्हणून नुसते वेढे द्यायचे, दोर जरा सरकू द्यायचा आणि जनावराचा जोर हळूहळू जिरवायचा. किती सैल सोडायचं हे फक्त हाताला कळतं. मला या कसबाचं फार अप्रूप वाटतं. जोखीमही तेवढीच. दोर आणि खुंट यांच्यामध्ये सापडून अंगठा गमावलेले लोक आजही आहेत.

त्या दोराला म्हणायचे ‘ला रेआता’. ऐकणाऱ्यांनी त्यातला ‘ला’ही नावातच ओढून घेतला आणि ‘लॅरिएट’ झालं. ‘व्हाका’ म्हणजे गाय, तिच्यावरून व्हाकेरो, आणि त्याचा पुढे ‘बकारू’. सगळी कानावर पडलेली, कामाच्या धबडग्यात उचललेली भाषा.

कॅलिफोर्नियात स्पॅनिश मिशनं, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारकांची ठाणी, १७६९ पासून उभी राहिली. त्यांच्या गुरांमागे घोडे दामटणारे कितीतरी व्हाकेरो तिथलेच आदिवासी होते. काउबॉय म्हटल्यावर त्यांचा चेहरा कुणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही, हे मला मनापासून खुपतं.

हवाईत मात्र वेगळं झालं. तिसऱ्या कामेहामेहा राजाने १८३०च्या दशकात रानटी गुरं आवरायला व्हाकेरो बोलावून घेतले. तिथे गुराख्याला आजही ‘पानिओलो’ म्हणतात. हा शब्द ‘एस्पान्योल’वरून, म्हणजे ‘स्पॅनिश’वरून आला, असं मानतात. ज्यांनी काम शिकवलं, त्यांचंच नाव त्या कामाला मिळालं. उद्या या पानिओलोंबद्दल अजून वाचायचंय.